अभिव्यक्ती कुठे घडते?

‘अभिव्यक्ती’ हा शब्द आपण वर्गात इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा नेमका अर्थ काय, असे कोणी मध्येच थांबवून विचारले तर क्षणभर अडखळायला व्हावे. कवीची अभिव्यक्ती, दलित स्त्रीची अभिव्यक्ती, अभिव्यक्तिस्वातंत्र्य. आणि ‘आशय व अभिव्यक्ती’ ही तर प्रश्नपत्रिकेतील कायमची जोडी. या साऱ्या प्रयोगांच्या तळाशी एकच चित्र असते. आत काहीतरी साठलेले आहे आणि ते बाहेर पडते आहे, हे ते चित्र. क्रोचेच्या मते अभिव्यक्ती मनातल्या मनातच पूर्ण होते, आणि रा. भा. पाटणकरांनी क्रोचेवर स्वतंत्र भाष्यग्रंथ लिहिला, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. तरी तास संपल्यावर त्यांच्या वहीत उरते ते बाहेर पडण्याचेच चित्र.

गेली काही वर्षे हा शब्द मला शेजारच्या घरातूनही ऐकू येतो आहे. जीवशास्त्र मराठीत लिहिणारे लोक ‘जनुकांची अभिव्यक्ती’ असे म्हणतात. प्रथम मला हे अतिक्रमण वाटले होते. जनुकाला काय सांगायचे असते, की त्याने व्यक्त व्हावे? पण आमच्या प्राणिशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांशी स्टाफरूममध्ये या विषयावर वारंवार बोलणे होत गेले, त्यांनी सुचविलेले काही वाचत गेले, आणि शब्द त्यांनी पळविला नसून आपणच तो निम्मा विसरलो आहोत की काय, अशी शंका मला येऊ लागली. त्या शंकेचा हा मागोवा आहे.

आधी त्यांचा अर्थ. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच संपूर्ण संहिता असते. यकृताच्या पेशीत यकृतापुरती आणि मेंदूच्या पेशीत मेंदूपुरती, असे तिचे वाटप झालेले नसते. गावात घरोघर एकच पोथी असावी, आणि एका घरी तिचा बारावाच अध्याय रोज लावला जावा, दुसऱ्या घरी नववा, तिसऱ्या घरी ती केवळ चातुर्मासात उघडावी, तसा हा प्रकार आहे. कोणते जनुक कोणत्या पेशीत, कधी आणि किती प्रमाणात वाचले जाते, म्हणजे त्याची आरएनए रूपातील नक्कल उतरवली जाऊन बहुधा तिच्यापासून प्रथिन घडते, याला अभिव्यक्ती म्हणतात. एकूण काय, तर अभिव्यक्ती हा लेखनाचा गुण नसून वाचनाचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथेच कान टवकारायला हवेत.

माणूस आणि इतर प्राणी यांच्या तुलनेत या भेदाला महत्त्व आले ते १९७५ साली. बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी त्या वर्षी ‘सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिने त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा ती सरासरी ९९ टक्क्यांहून अधिक सारखी निघाली. एवढे साम्य एरवी अगदी जवळच्या, एकमेकांपासून सहज ओळखूही न येणाऱ्या जातींत आढळते. मग देह, चाल, मेंदू, जीवनरीत यांत एवढे अंतर आले कोठून? त्यांचे उत्तर असे होते की फरक बहुधा जनुकांच्या मजकुरात नाही. जनुके कधी आणि किती वापरायची याच्या नियमनात आहे. हाती अल्प साधने असताना केलेला हा तर्क होता, आणि त्याचे धाडस आजही जाणवते.

चिंपांझीची संपूर्ण संहिता २००५ साली प्रसिद्ध झाली. जुळवता येणाऱ्या भागात एकेका अक्षराचा फरक १.२३ टक्के निघाला. वृत्तपत्रांनी लगेच ‘माणूस ९९ टक्के चिंपांझी’ असे मथळे केले. मला या टक्केवारीचा फार राग आहे. सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या ग्रंथात १.२३ टक्के म्हणजे साडेतीन कोटी अक्षरे होतात, आणि त्याखेरीज वाढलेल्या वा गळालेल्या तुकड्यांच्या सुमारे ५० लाख जागा निराळ्याच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की अक्षरे मोजून संहितांमधील अंतर कळत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत वेलांटीचा फरक आहे. तो किती टक्के, हा प्रश्नच चुकीचा.

फरक कोठे पडला याला महत्त्व असते, याचे एक उदाहरण २००६ साली पुढे आले. कॅथरीन पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११८ अक्षरांचा एक तुकडा शोधला. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात तीस कोटींहून अधिक वर्षांचे अंतर असूनही या तुकड्यात अवघ्या दोन अक्षरांचा फरक आहे, एवढा तो जपला गेला. चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र १८ अक्षरे वेगळी निघाली. हा तुकडा कोणतेही प्रथिन सांगत नाही. पण गर्भाच्या मेंदूचा बाह्यस्तर घडत असताना, सातव्या आठवड्यापासून पुढे काही काळ, तो तेथील विशिष्ट चेतापेशींत वाचला जातो. म्हणजे जो पाठ कोट्यवधी वर्षे कोणी बदलला नव्हता, तो आपल्या वंशात आल्यावर झपाट्याने बदलला. पाठचिकित्सा केलेल्या माणसाला अशा ठिकाणी अंगावर काटा येतो.

नियमनाचा तर्क खरा असेल तर प्रत्यक्ष मेंदूत तो दिसायला हवा. २००२ साली जर्मनीतील लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत स्वान्ते पाबो यांच्या गटाने तसा प्रयत्न केला. (पाबो यांना २०२२ साली नोबेल मिळाले ते नामशेष मानवांच्या संहितांवरील कामासाठी, हे काम त्याच्या बरेच आधीचे.) मेंदू आणि यकृत यांच्या पेशींतील हजारो जनुकांची अभिव्यक्ती त्यांनी माणूस, चिंपांझी आणि ओरांगउटान यांत ताडून पाहिली. निष्कर्ष आला तो आपला अभिमान सुखावणारा होता: यकृतात दोन्ही वंश सारख्याच गतीने बदललेले दिसले, मेंदूत मात्र माणसाच्या वंशाने अधिक वेगाने वळण घेतले होते.

पुढे शंका आल्या. त्यांतली एक मला आपल्या क्षेत्रातली वाटते. अभिव्यक्ती मोजण्याच्या पट्ट्या माणसाच्या संहितेवरून बनवलेल्या होत्या. चिंपांझीच्या आरएनएमध्ये अक्षर वेगळे असले की ते पट्टीला नीट चिकटत नाही आणि प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. प्रमाण मराठीचा कान घेऊन अहिराणी किंवा मालवणी ऐकायला बसावे, आणि जे कळले नाही ते बोलणाऱ्याने म्हटलेच नाही असे लिहून ठेवावे, तसाच हा धोका. शास्त्रज्ञांनी तो ओळखला आणि पुढच्या कामात तशा जागा वगळल्या. आपल्या समीक्षेला बोलींच्या बाबतीत एवढे शहाणपण यायला किती दशके लागली, हा निराळा विषय आहे.

२००५ साली त्याच संस्थेतून फिलिप खायतोविच आणि सहकाऱ्यांनी मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि वृषण अशा पाच अवयवांची तुलना प्रसिद्ध केली. या पाचांत माणूस आणि चिंपांझी यांच्यातील फरक सर्वांत कमी कोठे असावा? मेंदूत. ज्या अवयवावर आपण आपले सारे वेगळेपण टांगून ठेवले आहे तोच सर्वांत कमी बदललेला निघाला. कारण विचार केल्यास पटते. मेंदू इतका गुंतागुंतीचा, इतका परस्परावलंबी की त्यात बदलाला मोकळीक फार थोडी. बहुतेक बदल घातकच ठरायचे. पण जे थोडे बदल झाले, त्यांत माणसाच्या वंशाचा वाटा अधिक होता. परंपरेचे जू मानेवर घट्ट असताना झालेला बदल असा थोडा दिसतो आणि खोल जातो. या दोन निष्कर्षांपैकी एकच उचलून कोणी ‘माणूस अद्वितीय’ किंवा ‘माणूस म्हणजे माकडच’ असे म्हणत असेल, तर त्याने निम्मेच पान वाचले आहे.

मला स्वतःला या साऱ्या संशोधनात सर्वाधिक भिडले ते काळाविषयीचे. अभिव्यक्ती किती, या प्रश्नाच्या जोडीला ती आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, हा प्रश्न खायतोविच यांच्या गटाने पुढे हाती घेतला. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, चेतापेशींमधील जोडण्या घडविणाऱ्या जनुकांच्या एका गटाची अभिव्यक्ती चिंपांझी आणि रीसस माकड यांच्या मेंदूच्या कपाळामागील भागात जन्मानंतर वर्षभराच्या आतच शिखराला पोहोचते. माणसात ते शिखर सुमारे पाचव्या वर्षापर्यंत लांबते. जनुके तीच, उशीर मात्र आपला. चिंपांझीचे पिल्लू आपली बांधणी बरीचशी उरकून मोकळे होते, त्या वयात आपले मूल नुकते ‘आ’ आणि ‘बा’ जुळवत असते. पुढची चार वर्षे ते अपुरे राहते. आणि या अपुरेपणाच्या काळात त्याच्या कानावर काय काय पडते? अंगाई, बडबडगीत, आजीची तीच ती गोष्ट, शेजारच्या बाईचे भांडण, देवळातली आरती. या आवाजांनीच ती जनुके जागतात असा दावा त्या निबंधात नाही, आणि मीही तो करणार नाही. पण भाषेला आत यायला दार इतका वेळ उघडे राहिले, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकाने नुसती वाचून पुढे जावे अशी नाही.

‘भाषेचे जनुक’ या बातमीविषयी थोडक्यात. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळजवळ निम्म्या सदस्यांना उच्चार आणि वाक्यरचना यांची तीव्र अडचण होती. २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना तिचे मूळ फॉक्सपी२ नावाच्या जनुकातील एका दोषात सापडले. पुढच्याच वर्षी कळले की त्याचे माणसातील प्रथिन चिंपांझीच्या प्रथिनापेक्षा दोनच घटकांनी वेगळे आहे. झाले, भाषेची किल्ली सापडली! मग २००७ साली तेच दोन बदल निअँडरथलमध्येही आढळले. आणि या जनुकावर माणसात अलीकडे विशेष निवड झाल्याचा जो पुरावा मानला जात होता, तो अधिक विविध लोकसमूह तपासल्यावर २०१८ साली टिकला नाही. जनुक महत्त्वाचे आहेच, कारण ते इतर अनेक जनुकांच्या वाचनाचे नियमन करते. पण एका शब्दामुळे कविता कविता होते असे म्हणणाऱ्या समीक्षकाला आपण जेवढे गंभीरपणे घेऊ, तेवढेच ‘भाषेचे जनुक’ म्हणणाऱ्या मथळ्याला घ्यावे.

हे सारे ज्या मेंदूंवरून कळले, ते बहुतांशी मृतांचे मेंदू आहेत. शस्त्रक्रियेत काढावा लागलेला एखादा तुकडा सोडला, तर माणसाच्या मेंदूतील अभिव्यक्ती अशी मोजता येते ती मृत्यूनंतरच. २०१७ साली येल विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत मेंदूचे १६ भाग तपासले गेले. मेंदू होते सहा माणसांचे, पाच चिंपांझींचे आणि पाच रीसस माकडांचे. माणूस म्हणजे काय, या प्रश्नाला उत्तर देणारी ती सहा माणसे कोणती भाषा बोलत, कोणाला गाणे येई, हे त्या आकड्यांत येत नाही, येण्याचे कारणही नाही. वाचन थांबले त्या क्षणी पोथीचे कोणते पान उघडे होते, एवढेच तेथे दिसते. मग बोलत्या, ऐकत्या मेंदूत काय घडते? त्यासाठी पक्ष्यांकडे जावे लागते. भाषा शिकणे म्हणजे प्रथम ऐकून आवाज शिकणे. चिंपांझीला ते जवळपास येत नाही, काही पक्ष्यांना मात्र येते.

झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातील मुठीत मावणारा पक्षी. नर गातो, आणि त्याचे गाणे तो लहानपणी मोठ्या नराकडून, बहुधा बापाकडून, ऐकून शिकतो. १९९२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात क्लॉडिओ मेल्लो, डेव्हिड व्हिकारिओ आणि डेव्हिड क्लेटन यांनी या पक्ष्यांना ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली. अर्ध्या तासात श्रोत्याच्या मेंदूतील एका जनुकाची अभिव्यक्ती कितीतरी वाढली. हे जनुक इतर जनुकांना कामाला लावते, आणि ते आपल्यातही आहे. नुसते सूर वाजवले तेव्हा असे काही झाले नाही. दुसऱ्या जातीच्या पक्ष्याचे गाणे लावले, तर प्रतिसाद आला पण क्षीण. स्वजातीचे गाणे लागले की तो भरून आला.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला ‘सहृदय’ हा शब्द आठवला, आणि तो अजून मनातून जात नाही.

१९९५ साली या प्रयोगाचा पुढचा भाग प्रसिद्ध झाला. तेच गाणे पुन्हापुन्हा ऐकवले की प्रतिसाद मावळतो. पक्षी ऐकत असतो, पण जनुक हलत नाही. नवे गाणे लावले की पुन्हा उसळी. वीस वर्षे रससूत्र शिकवताना मी शृंगाराला शाकुंतल आणि करुणाला उत्तररामचरित हीच उदाहरणे देत आले आहे. मुलांच्या डोळ्यांत जे दिसते त्याचे शास्त्रीय नाव मला आता ठाऊक झाले.

आणि १९९८ सालचा निबंध एरिक जार्विस यांचा. तरुणपणी ते नृत्याचे शिक्षण घेतलेले, मग विज्ञानाकडे वळलेले. त्यांनी पाहिले की नर एकटाच गात असतो तेव्हा, आणि मादीला उद्देशून गातो तेव्हा, गाणे जवळपास तेच असले तरी मेंदूच्या काही भागांतील त्याच जनुकाची अभिव्यक्ती अगदी वेगळी असते. एकट्याच्या गाण्यात ती भरपूर. मादीसमोर फार कमी. पुढील अभ्यासांतून दिसले की एकट्याने गाताना स्वर थोडे इकडेतिकडे सरकतात, चाचपडतात. मादीसमोर ते ठाशीव होतात. रियाज आणि मैफल हे शब्द येथे न वापरणे कठीण आहे. व्याख्यानाची तयारी करताना घरी माझेही वाक्य भरकटते, आणि त्यातच कधी नवे काही हाती लागते. वर्गात गेले की विनोदसुद्धा ठरल्या जागी येतात. संहिता तीच असते. ती कोणासमोर म्हटली जाते, याची नोंद त्या एवढ्याशा मेंदूतील पेशीसुद्धा घेतात.

पक्ष्यावरून माणसाकडे अशी उडी मारावी का? २०१४ साली जार्विस यांच्याच गटाने तिला थोडा आधार दिला. गाणे शिकणारे पक्षी आणि माणूस यांच्या मेंदूंतील, आवाज घडविणाऱ्या भागांत, पन्नासच्या आसपास जनुकांच्या अभिव्यक्तीचा साचा सारखा निघाला. आवाज न शिकणारे पारवे आणि माकडे यांच्यात तो तसा नव्हता. नात्याने आपल्याला कितीतरी जवळची माकडे येथे दूर राहिली आणि दूरची पाखरे जवळ आली. समानधर्मा शोधायला वंशावळ पुरत नाही.

आता पुन्हा शब्दाकडे. भरताच्या रससूत्रातील ‘निष्पत्ती’ची चार भाष्ये आपण शिकवतो: भट्ट लोल्लटाची उत्पत्ती, श्रीशंकुकाची अनुमिती, भट्टनायकाची भुक्ती आणि अभिनवगुप्ताची अभिव्यक्ती. पाठांतराच्या गडबडीत यांतली मुख्य गोष्ट निसटते. अभिनवगुप्ताच्या लेखी अभिव्यक्ती होते ती कवीची नव्हे, नटाचीही नव्हे. सहृदयाच्या मनात वासनारूपाने जे आधीच आहे, ते काव्याच्या निमित्ताने व्यक्त होते. जागा श्रोत्याची आहे. गाणे फिंचच्या मेंदूत नवे जनुक आणून टाकत नाही. तेथे निद्रिस्त असलेले जागे करते, तेही श्रोता त्या जातीचा असला तर जोमाने. म्हणजे जो शब्द आम्ही ‘बाहेर पडणे’ या अर्थाने झिजवला, तो ज्यांनी घडवला त्यांच्याकडे आणि ज्यांनी उसना नेला त्यांच्याकडेही ऐकणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या बाजूचा आहे. विद्यार्थ्यांना ‘व्यक्त व्हा’ असे उठताबसता सांगणाऱ्या आजच्या काळात हे मला बारकाव्याचे वाटत नाही.

माझे सहकारी अर्थात एवढ्याने मानणारे नव्हेत. घटप्रदीप न्याय मी त्यांना समजावून सांगितला: दिवा घट निर्माण करत नाही, अंधारात असलेला दाखवतो. ते म्हणाले, “मॅडम, मग तुमचे आमच्याशी जुळत नाही. पेशीत आरएनए आधी नसते, ते नव्याने बनते. तुमच्या हिशेबाने ही उत्पत्ती झाली. तुमचा तो लोल्लट बरोबर ठरतो.” आक्षेप खरा होता. मी सांगितले की अभिनवगुप्तानेही रस घटासारखा आधीपासून सिद्ध असतो असे मानलेले नाही. आस्वाद चालू आहे तोवरच त्याचे असणे, आधी नाही आणि नंतरही नाही. यावर ते थोडे थांबले. मग म्हणाले, “आधी नाही हे ठीक. आमचे आरएनएही काही तासांत विरते. पण तेवढ्या वेळात त्यापासून बनलेल्या प्रथिनाने पुढची जनुके जागी केलेली असतात. ‘नंतर नाही’ हे मात्र सरांनी तपासून घ्यायला हवे होते.” सर म्हणजे अभिनवगुप्त. आस्वादानंतर सहृदयात काय उरते, यावर आमचे बोलणे घंटा होईपर्यंत चालले होते, आणि ते अजून मिटलेले नाही.